कारभारींचं मत आणि एलीची कॅसेट

गाणं कुठल्याही भाषेतलं असो, कारभारींचं मत तयार असायचं. एक कडवं ऐकलं की पुरे. "पुढची कडवी म्हणजे पहिल्याचीच उजळणी," असं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये ठणकावून सांगत, आणि चहा त्यांच्याच खर्चाने असल्यामुळे कुणी वाद घालत नसे.

१९८४ साली एका शुक्रवारी त्यांच्या मताला थेट परदेशातून मागणी आली. गंगापूर रोडला त्यांच्या शेजारी रहेलमावशी आष्टमकर राहायच्या. मुलगा-सून नऊ वर्षांपूर्वी इस्राएलला गेले, तेव्हा नातू एली दहा वर्षांचा होता. आता त्यानं मित्रांना जमवून बँड काढला होता. शब्द हिब्रू प्रार्थनेतले, आणि खाली गिटार न् ड्रम! अल्बम बाजारात यायच्या आधी त्यानं एक प्रत आजीसाठी स्वतः टेप करून पाठवली होती. मावशींकडे टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून पार्सल कारभारींच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सोबत चिठ्ठी होती : "पहिलं गाणं आजीचं, तेवढं एकच माझ्या आवाजात. दिवा लावताना ती गुणगुणायची, त्या चालीवर. कारभारीकाका, तुमचं मत वेगळ्या कॅसेटवर बोलून पाठवा."

कारभारींनी ती चिठ्ठी कँटीनमध्ये चार टेबलांवर वाचून दाखवली. त्यात उशीर झाला. घरी पोचले तर मावशींच्या खिडकीत शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागलेला.

"मावशी, एलीचा आवाज आलाय. लावू का?"

मावशींनी दोन्ही हात पदरात गुंडाळले, जणू ते आपोआप पुढे जातील. "दिवा लागला रे. आता उद्या संध्याकाळी तीन तारे दिसेपर्यंत यंत्राला हात नाही. नऊ वर्षं थांबले, एक दिवस काय. तुझ्याकडेच ठेव. पण माझ्याआधी ऐकायचं नाही हं, कारभारी."

"छे छे, भलतंच काय!"

शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी दम धरला, हेही खूपच झालं म्हणायचं. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि पहिलं गाणं ऐकलं. झकास होतं. मत ओठांवर आलं. ते ताजं असतानाच टेप करावं म्हणून त्यांनी कॅसेट मागं फिरवली, घसा खाकरला आणि वाजवायचं काळं आणि टेप करायचं तांबडं अशी दोन्ही बटणं एकदम दाबून चार मिनिटं मनसोक्त बोलले. बोलून झाल्यावर टेबलावर नजर गेली. मतासाठी आणलेली कोरी कॅसेट तिच्या पन्नीत तशीच बसली होती.



संध्याकाळी तारे मोजून मावशी आल्या. नवी साडी नेसून, हातात गव्हाच्या चिकाच्या हलव्याची ताटली घेऊन. कारभारींची बायको चंद्रभागा सतरंजी घालत होती.

"सेल संपलेत," कारभारी म्हणाले.

"लाईट आहे की," चंद्रभागा म्हणाली, आणि पिन लावली.

"मग आधी दुसरी बाजू लावू. तुमची भाषा कशी मावशी, उजवीकडून वाचतात. तशी कॅसेटही उलटीकडून ऐकायची असते."

"वाचतात उजवीकडून. गातात तोंडानंच," मावशी म्हणाल्या. "पहिलं गाणं माझं आहे. ते लाव."

इलाज खुंटला. बटण दाबलं. खरखर झाली आणि ओळखीचा आवाज घुमला : "नमस्कार एली! मी कारभारीकाका. गाणं फर्मास. तुझी आजी हे म्हणते तेव्हा पितळी घागर घासल्यासारखं वाटतं, ती चाल तू सुधारलीस. फक्त ड्रमवाल्याला आवर. ही जागा अशी घ्यायची, ऐक..." यानंतर कारभारी स्वतः गायले. घोटीच्या बाजारात हरवलेलं वासरू असं हंबरतं. गाण्याच्या मागं चंद्रभागेचा आवाज : "अहो, मावशींची कॅसेट फोडलीत की काय?" त्यावर कारभारी : "त्यांना काय कळतंय! संध्याकाळी मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करीन."

चेहरा कसा करावा, हे आता कारभारींना सुचेना.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "गेला तेव्हा त्याचा आवाज फुटलासुद्धा नव्हता रे. मोठा झाल्यावर कसा बोलतो, तेवढंच ऐकायचं होतं मला."

तेवढ्यात टेपमध्ये खट् झालं. कारभारींचं मत संपलं, आणि गाण्याची शेवटची ओळ, तेवढी एकच, शिल्लक राहिली होती ती वाजली. भारदस्त, जाडसर पुरुषी आवाज. मावशींनी तोंडाला पदर लावला. "परत लाव."

कारभारींनी ती ओळ अकरा वेळा लावली.

मग मावशींनी डोळे पुसले आणि हलव्याची ताटली चंद्रभागेच्या पुढ्यात सरकवली. "यातला एक तुकडाही ह्याला देऊ नकोस. आणि कारभारी, ती कोरी कॅसेट काढ. काय केलंस ते सगळं त्यावर बोल. घागरीसकट."

कारभारी बोलले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं.

दीड महिन्यानं दुसरी कॅसेट आली. कारभारी ऑफिसातून तडक घरी आले, कँटीनकडे बघितलंसुद्धा नाही. मंगळवार होता, दिव्याची अडचण नव्हती. मावशी अगदी टेपला टेकून बसल्या. बटण दाबल्यावर गाण्याआधी एली जड जिभेच्या मराठीत बोलला : "आजी, हे तुझं गाणं. आणि कारभारीकाका, या कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मी मोडून टाकलेत. आता तांबडं बटण दाबलं तरी दबणार नाही."

मावशी आणि चंद्रभागा दोघी एकदम कारभारींकडे वळल्या. त्यांचं बोट तांबड्या बटणावर होतं.

"खरंच दबत नाही," कारभारी म्हणाले.