चौदाव्या कोळ्याचा पत्ता

“आठ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकता येणार नाही,” हेडक्लार्क म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

“अहो, पण कोळी बघायचेत. चोर पकडायचा नाहीये.”

“चोर असता तर पोलीस गेले असते. त्यांचे नियम वेगळे.”

सहायकांनी नोटिशीचा कोरा कागद पुढे ओढला. त्यांचा हुद्दा सहायक सर्वेक्षक. गेली बावीस वर्षं तो बदलला नव्हता, त्यामुळे ऑफिसात, शेजारात आणि रागाच्या भरात घरीसुद्धा सगळे त्यांना ‘सहायक’च म्हणत. देशभरातले थुंकणारे कोळी शोधायचे, ओळखायचे आणि त्यांची यादी करायची, हे त्यांचं काम. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाही. सावकाश चालत येतो, डास दिसला की लांबूनच त्याच्यावर चिकट थुंकी उडवतो आणि तो जागच्या जागी चिकटला की निवांत जेवायला बसतो. सहायकांच्या मते इतका सभ्य प्राणी दुसरा नव्हता. पण थुंकण्याचा विषय निघाला की लोक पुढचं ऐकत नसत.

यादीत तेरा जाती पक्क्या झाल्या होत्या. घोडं पेंड खात होतं ते चौदाव्या जातीपाशी. तीस वर्षांपूर्वी सहायकांच्या सरांनी जुन्या टाकीमागच्या गल्लीतली एक मादी तपासून ही जात वेगळी आहे, असं छापून टाकलं होतं. या विषयातल्या मोठ्या मंडळींनी ते मानलं नाही. एका मादीवरून जात ठरत नाही, त्याच गल्लीतला नर आणा, असं ते म्हणाले. तो नर तीस वर्षांत कोणाला मिळाला नव्हता. सर आता ब्याऐंशी वर्षांचे होते आणि चौदाव्या जातीला सगळे ‘सरांचा भास’ म्हणत. यादी शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, छपाईला जाणार होती. तोपर्यंत नर सापडला नाही तर चौदाव्या ओळीवर काट मारायची होती, आणि ती सहायकांनाच स्वतःच्या पेनाने मारावी लागणार होती. ज्यांनी बोट धरून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, त्यांच्याच नावावर काट. 

शेवटी नोटीस निघाली. ‘आपल्या घरातील कोळ्यांची पाहणी करण्यासाठी कार्यालयाचे प्रतिनिधी येत्या गुरुवारी येतील.’ गल्लीतल्या बेचाळीस घरांत ती पोचली. आता तुमच्या घरी असा कागद आला तर तुम्ही काय कराल? गल्लीनेही तेच केलं. आठ दिवस गल्लीत कुंचे, झाडू आणि बादल्या यांच्याशिवाय काही दिसेना. शिड्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होत्या. एका गृहस्थांनी लग्नानंतर पहिल्यांदाच कपाट हलवलं आणि कमरेत उसण भरून घेतली.

गुरुवारी सहायक पहिल्या घरात शिरले तेव्हा ओल्या रंगाचा वास आला.

“बघा,” घरातल्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “एक कोळी दाखवा शोधून.”

“जळमटं वगैरे?”

“नावाला नाही.”

“अडगळीची खोली?”

“होती. आता नाही.”

संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरं झाली. सहायकांच्या वहीत एक मुंगी आणि एक पाल एवढीच नोंद होती, आणि पालही उपाशी दिसत होती. निघताना प्रत्येकजण विचारत होता, “पास ना आम्ही?”

सहायकांनी मग दुसरी नोटीस काढायला लावली. ‘पाहणीपूर्वी कृपया घर झाडू नये. जळमटे काढू नयेत.’ आपण फार हुशारीचं काम केलं, असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. गल्लीत एक निवृत्त अव्वल कारकून राहत होते. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं, “चाळीस वर्षं सरकारी कागद लिहिलेत मी. कुठलं सरकार कोणाला घर झाडू नका म्हणेल? यात काहीतरी मेख आहे. जो झाडणार नाही तो अडकणार.”

हे सगळ्यांना पटलं. या वेळी नुसतं झाडून भागलं नाही, तर औषध फवारणारा माणूस आला. सहायक गेले तेव्हा गल्लीतली सगळी कुटुंबं डोळे चोळत दारात उभी होती आणि आत जाऊन खोकल्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. मुंगीही मिळाली नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत सहायक घरी आले आणि न जेवता झोपले.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी जायची होती. सहायकांनी नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडला आणि नोटीस न देता थेट गल्लीत जाऊन दार वाजवलं.

“अगंबाई, तुम्ही. बसा हं पाच मिनिटं.”

सहायक बसले. त्यांच्या हातात चहाचा कप आला. आतून आधी झाडूचा आवाज आला, मग खुर्च्या सरकल्याचा, मग बादलीभर पाणी ओतल्याचा. पाच मिनिटांची पंचवीस झाल्यावर बाई पदराने घाम पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “या, बघा. असंच असतं आमचं घर.”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. पाहुण्याला चहा देऊन अडकवायचा आणि तेवढ्यात घर उरकायचं, ही विद्या कोणाला शिकवावी लागत नाही. नवव्या घरातून बाहेर पडताना सहायकांच्या पोटात नऊ कप चहा होता आणि वहीत शून्य होतं. शून्याचं त्यांना दुःख होतंच, पण या घडीला नऊ कपांची निकड जास्त होती. कोपऱ्यावरचं घर समोर दिसलं आणि त्यांनी मागचापुढचा विचार न करता कडी वाजवली.

हे घर काकूंचं. काकू अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या राहायच्या आणि स्वच्छतेत अख्ख्या गल्लीचं माप होत्या. ‘काकूंसारखं लखलखीत’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. काकू रोज दोनदा घर झाडत आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या घरांबद्दल मत देत.

“बसा, चहा टाकते,” काकू म्हणाल्या.

“काकू, चहा नको,” सहायक दाराची चौकट धरून म्हणाले. “मला जरा बाथरूमला जायचंय.”

आतापर्यंत कोणाच्याच घरात त्यांना बाथरूम बघू दिलं नव्हतं. तिथपर्यंत कशाला जाताय, म्हणून सगळे दारातूनच परत फिरवत. पण या अवस्थेतल्या माणसाला नाही कोण म्हणणार? काकूंनी बोट दाखवलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. काकूंनी दाराला कान लावला.

“काय हो, बरं आहे ना?”

“बरं आहे,” आतून अगदी दबका आवाज आला. “काकू, जरा बोलू नका.”

“पाणी येत नाहीये का?”

“येतंय. तुम्ही कृपा करून हलूसुद्धा नका.”

मग बादली कलंडल्याचा मोठा आवाज झाला. काकू घाबरून दार ठोठावणार तोच ते उघडलं. सहायकांचा एक पाय गुडघ्यापर्यंत भिजला होता, चष्मा एका कानावर लोंबत होता आणि वर धरलेल्या हातात अंगठ्याएवढी बाटली होती.

“आरशामागे होता,” ते बाटली उजेडाकडे धरत म्हणाले. “नर आहे, काकू. सहा डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, यांना सहाच. आणि तोंडाजवळचे दोन आखूड पाय बघा, टोकाला फुगलेत. नर आहे. पूर्ण वाढलेला.”

काकूंनी बाटलीकडे बघितलं. मग त्यांनी जाऊन बाहेरचं दार लावून घेतलं आणि खिडकीही ओढून घेतली.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात?”

“तुमच्याच. इथे फक्त सही करा. प्राणी माझ्या घरात सापडला हे मान्य, एवढंच.”

“मी नाही करणार.”

“काकू.”

“शेजारच्या घरी सापडला म्हणून लिहा. तिच्याकडे चार सापडले तरी कोणाला नवल वाटायचं नाही.”

“तसं नाही लिहिता येत. बाटलीत चिठ्ठी घालावी लागते, कुठे सापडला त्याची. चिठ्ठी खोटी असली तर कोळ्याचा काही उपयोग नाही, तो फेकून दिल्यासारखाच. आमच्या सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.”

काकू खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा करारीपणा एकदम उतरला.

“हे गेले त्याला सहा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “मुलं लांब. फोन करतात, तब्येत विचारतात, ठेवतात. मला आता कोणी कशाला विचारत नाही. घर कसं ठेवावं एवढंच गल्ली मला विचारते. तेवढंही काढून घेताय तुम्ही.”

सहायकांना फार वाईट वाटलं. शेजारच्या घराचा नंबर लिहायला दोन सेकंद लागले असते आणि जगात कोणाला कळलं नसतं. त्यांनी पेन उघडलंसुद्धा. मग ते तसंच टेबलावर ठेवलं आणि ओल्या पायाने काकूंसमोर बसून त्यांनी सरांची गोष्ट सांगितली. तीस वर्षं लोक हसतात, ते कसं हसतात, आता सरांना नीट दिसत नाही तरी दर महिन्याला ‘मिळाला का रे?’ म्हणून विचारतात, आणि उद्या सकाळी कोणाच्या हाताने काट मारली जाणार आहे. बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

काकूंनी टेबलावरचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

“चिठ्ठीत आणखी काही लिहिता येतं?” त्यांनी विचारलं.

“जागा कशी होती ते लिहितो आम्ही. ओल, उजेड, भिंत.”

“मग लिहा. घर दिवसातून दोनदा झाडलेलं होतं.”

“काकू, चिठ्ठी नखाएवढी असते.”

“बारीक लिहा.”

सहायकांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात लिहिलं. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं, ‘दोनदा’ या शब्दाखाली रेघ मारायला लावली आणि मगच सही केली.

सरांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. सहायक जवळजवळ धावतच गेले. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते उठेचनात. सरांच्या पत्नी, म्हणजे सहायकांच्या वहिनी, सहायकांना चहा आणू का म्हणून विचारायला आल्या आणि त्यांचा चेहरा बघून सरबत करायला वळल्या.

“नर आहे,” शेवटी सर म्हणाले.

“हो सर.”

“माझ्या मादीचाच आहे. पाठीवरची नक्षी तीच.” सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. “मला भास नव्हता झाला रे.”

“नाही सर.”

  मग सरांनी भिंग घेऊन चिठ्ठी वाचली.

“टाकीमागची गल्ली,” ते हळूच म्हणाले. “खरंच तिथेच मिळाला?”

“सर, खोटी चिठ्ठी लिहीन का मी? मालकीण बाई फार अडून बसल्या होत्या. पण तुमची शिकवण आहे.”

सर उठले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी आवाज न करता लोटलं आणि परत येऊन खाली मान घालून बसले.

“मादी गल्लीतली नव्हती,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ती इथे मिळाली. याच घरात, पिठाच्या डब्यामागे. हिने पत्ता लिहू दिला नाही. छापलेल्या कागदात माझ्या स्वयंपाकघराचं नाव आलं तर मी माहेरी जाईन, म्हणाली. मी खिडकीशी उभा होतो. समोर ती गल्ली दिसत होती. तीच लिहिली.”

 नोटिसा, औषधाचा धूर आणि नऊ कप चहा सहायकांच्या डोळ्यांपुढून गेले.

“पण सर, मग तीस वर्षं नर इथेच शोधायचा ना.”

“कसा शोधणार? हिच्यासमोर शोधता येईना आणि ही घराबाहेर जाईना. म्हटलं, गल्ली समोरच आहे, तिकडेही असेलच कधीतरी. आणि तुम्हा मुलांना पहिल्याच दिवशी ते चिठ्ठीचं का सांगायचो? मला स्वतःला झोप लागत नव्हती म्हणून.”

एवढ्यात दार ढकलून वहिनी सरबत घेऊन आल्या. भिंतीच्या पलीकडून त्यांना सगळंच ऐकू जात असे, हे सर अजूनही विसरत होते. त्यांनी पेले ठेवले, सरांच्या हातातलं भिंग घेतलं आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजू सावकाश वाचल्या.

“‘घर दिवसातून दोनदा झाडलेले’,” त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने म्हटली आणि सरांकडे बघितलं. “असं लिहिता येत होतं होय? मग तेव्हा सांगायचंत की. मी कशाला नको म्हटलं असतं?”