पाच हात आणि पाच मुठी

यज्ञेश्वरपंतांच्या मनगटात सरकारी कडे अडकले त्याला आज सहावा दिवस होता. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरातले तिळाचे तेल संपले होते, रिठे संपले होते आणि भागीरथीबाईंचा धीरही संपत आला होता.

"अहो, अंगठा आत घ्या."

"घेतलाय. आणखी आत घेतला तर कोपरातून बाहेर येईल."

"मग सन्मान करून घ्यायला जाताना हात जरा बारीक करून जायचं होतं."

पंतांनी अंगठा पुन्हा आत घेतला. हात चांगलाच सुजला होता. हौदातल्या कात्रजच्या गार पाण्यात तो घटकाभर बुडवून ठेवला की बरे वाटायचे, पण पाणी भरायला आलेली माणसे कडे पाहायला थांबायची, आणि पंतांना हात बाहेर काढून दाखवावा लागायचा.

पंत पेशवे सरकारच्या जमीन मोजणीच्या दप्तरातले सर्वांत जुने मोजणीदार. तलवार चालवणाऱ्यांना सरकारातून कडी, तोडे, हत्ती, गावे मिळत. काठी घेऊन चिखलात फिरणाऱ्याला कोण काय देणार? या दप्तराच्या सन्मानांचा सगळा इतिहास तीन वाक्यांत संपत असे. पहिल्या मोजणीदाराला शेला मिळाला, त्याला कसर लागलेली होती. दुसऱ्याला पागोटे जाहीर झाले, ते जामदारखान्यातून बाहेर पडेपर्यंत तो वारला. आणि पंतांच्या वडिलांना भर दरबारात नुसते "शाब्बास" मिळाले, ते त्यांनी मरेपर्यंत जपून वापरले.

म्हणून पंतांना सोन्याचे कडे मिळाले तेव्हा सारी पेठ हरखली. वीस वर्षे चोख मोजणी केल्याबद्दल, असे सनदेत लिहिले होते. फक्त कडे करताना पंतांच्या मनगटाचे माप कोणी घेतले नव्हते. जामदारखान्यात जे होते ते आले. दप्तराचे प्रमुख आप्पासाहेब यांनी सगळ्यांसमक्ष ते पंतांच्या हातात चढवायला घेतले. ते चढेना. सगळे बघत होते. आप्पासाहेबांनी ओठ चावून जोर लावला, पंतांनी डोळे मिटले, आणि टाळ्या झाल्या.

सातव्या दिवशी पंत दिगंबर सोनाराकडे गेले. सोनाराने कडे फिरवायचा प्रयत्न केला, ते फिरले नाही. मग त्यावरची मोहोर पाहून त्याने हातातली कानस खाली ठेवली.

"पंत, ही सरकारी मोहोर. हिच्यावर कानस चालवली तर माझा हात जाईल. सध्या एकच हात अडचणीत आहे, तो तुमचा. तेवढंच राहू द्या. आप्पासाहेबांची चिठ्ठी आणा, मग बघू."

पंत तसेच दप्तरात गेले. तिथे निराळाच गोंधळ चालला होता. हिंजवडीची मोजणी दोन दिवसांवर आली होती आणि मोजणीची सरकारी काठी कोनाड्यातून काढली तर तिचा निम्मा भाग वाळवीने खाल्लेला.

"या, या! तुमचीच वाट पाहत होतो," आप्पासाहेब म्हणाले. "नवी काठी तोडायची. नियम तुम्हाला पाठच आहे. सर्वांत जुन्या मोजणीदाराचे पाच हात आणि पाच मुठी."

"मी जरा कड्याविषयी बोलायला—"

"कडं शोभतंय तुम्हाला. हात ठेवा इथं."

बांबू आडवा ठेवला होता. पंतांनी कोपरापासून बोटापर्यंत पाच हात मोजले. मग मुठी मोजायची वेळ आली आणि ते थांबले. उजवी मूठ नारळासारखी झाली होती.

"आप्पासाहेब, हात सुजलाय. फरक पडेल. डाव्या मुठीनं मोजू का?"

"डाव्या हातानं सरकारची जमीन? आणि सुजलाय काय म्हणता? सन्मानानं भरलाय म्हणा."

"मुठीमागे बोटभर तरी जास्त होईल."

"बोटभरानं राज्य बुडत नाही, पंत."

पंतांना पुढे बोलायचे होते. पण सगळे दप्तर पाहत होते, आणि कडे मिळून आठवडा झाला नाही तोच त्याबद्दल तक्रार करणारा माणूस कसा दिसेल, हा विचार मनात आला. त्यांनी मूठ ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. बांबूवर करवत चालली.

हिंजवडीत पंतांना सगळे ओळखत. मोजणी आली की गावकरी हात जोडून उभे राहत आणि जमीन किती थोडी आहे ते सांगत. पंत ऐकून घेत आणि जेवढी असेल तेवढीच लिहीत. सरकारचा सारा बिघ्यांवर ठरायचा, त्यामुळे जमीन कमी भरावी हीच सगळ्या गावाची इच्छा. पहिले शेत सोजरबाईंचे. गेल्या खेपेला पंधरा बिघे होते, या वेळी चौदा भरले. सोजरबाईंनी दोनदा विचारून घेतले आणि पंतांना ताकाचा तांब्या आणून दिला.

"आसंच येत जा, पंत. तुमचा हात लई गुणाचा झाला."

पंतांना ताक गोड लागले नाही. त्यांनी मनात हिशेब केला. काठीमागे पाच बोटे. बिघ्याची एक बाजू वीस काठ्यांची, म्हणजे शंभर बोटे. आडवीला शंभर, उभीला शंभर. आप्पासाहेबांच्या बोटभराने हिंजवडीत शंभर बिघ्यांमागे सात बिघे खाल्ले होते.

दुपारी पाटलांचे शेत आले. हिंदुराव पाटील धिप्पाड माणूस. चाळीस बिघ्यांचे सदतीस झाले हे ऐकून ते ताक आणायला गेले नाहीत. बांधावर मांडी घालून बसले.

"माझी तीन बिघं कुठं गेली?"

"पाटील, सारा कमी बसेल तुम्हाला."

"साऱ्याला काय करायचंय! माझ्या संपतची सोयरीक चाळीस बिघ्यांवर ठरली हाय. व्याही सरकारी कागद बघितल्याबिगर अक्षता टाकायचा न्हाय. सदतीस बघून त्यो म्हनंल, पाटील लबाड हाय. लगीन पाच दिसांवर आलंय, पंत!"

पंतांनी पाटलांकडे पाहिले. गेल्या वीस वर्षांत जमीन जास्त लिहा म्हणून कोणी त्यांच्यापुढे बसले नव्हते. त्यांनी बांधावरच डावी मूठ उजवीशेजारी धरली. ती लेकीची मूठ बापाशेजारी धरावी तशी दिसली.

"परवा पुण्याला या," ते हळू आवाजात म्हणाले. "व्याह्यांनाही घेऊन या. चूक माझी आहे."

त्या दिवशी पंत घरी जेवले नाहीत. भागीरथीबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"कडं परत मागून घेतील ना?"

"बहुतेक."

"घेऊ देत. निघालं तर घेतील!"

दुसऱ्या दिवशी पंतांनी आप्पासाहेबांपुढे सगळे स्वच्छ सांगितले. काठी चुकली, मोजणी चुकली, आणि ठाऊक असूनही आपण गप्प राहिलो, हे लिहून द्यायला तयार आहोत.

"काय लिहाल? सरकारी कड्यामुळे हात सुजला?"

"हो."

"आणि कडं कोणी चढवलं, असं वर विचारलं तर?"

पंतांनी आप्पासाहेबांकडे पाहिले. आप्पासाहेबांनाही उत्तर ठाऊक होते. त्यांनी घाईघाईने चिठ्ठी लिहिली आणि सोनाराला दप्तरातच बोलावून घेतले. सोनार तिसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"यात 'कडे काढावे' असं लिहिलंय. 'कापावे' असं नाही. मी कापणार नाही."

"मग काढा!"

"काढतो. आधी सूज उतरवायला हवी. हात वर बांधून ठेवा दुपारपर्यंत."

म्हणून पंतांचा उजवा हात दप्तराच्या तुळईच्या कडीला दोरीने बांधला गेला, आणि वीस वर्षांच्या चोख सेवेनंतर पंत एक हात वर करून खांबाशी उभे राहिले. येणारेजाणारे दबकत विचारत, "काय केलं हो यांनी?" कारकून खांदे उडवत. दुपारी हिंदुराव पाटील, नवरदेव संपत आणि व्याही दारात आले आणि तिथेच थबकले.

पाटलांचा चेहरा उतरला. "आरं देवा! तीन बिघ्यांपायी टांगलं व्हय मानसाला!" ते पुढे धावले. "सोडा त्येस्नी, साहेब! ऱ्हाऊ द्या ती तीन बिघं. म्या तक्रार मागं घेतो."

"तक्रार खरी आहे, पाटील," पंत वरच्या हातासकट म्हणाले. "मागे घेऊ नका."

व्याही हे सारे डोळे विस्फारून पाहत होता. त्याने पाटलांच्या कानाशी तोंड नेले. "खरंच चाळीस हायती वाटतं."

एवढ्यात सोनाराने रिठ्याचा फेस पंतांच्या हाताला चोपडला, कडे धरले आणि पाय खांबाला लावून ओढले. पंत ओरडले. कडे सुटले, फेसासकट हवेत उडाले आणि संपतच्या छातीवर आपटून त्याच्या ओंजळीत पडले.

कडे जामदारखान्यात परत पाठवायचे, तर ते का परत आले हे लिहावे लागणार होते. आप्पासाहेबांनी कडे पुसले आणि संपतच्या किडकिडीत मनगटात घातले. ते सहज गेले.

"मोजणीतली चूक वेळेवर दाखवून दिल्याबद्दल," ते मोठ्याने म्हणाले, "या घराण्याचा सरकारातून सन्मान. पंत, तुमची काही हरकत?"

पंत मनगट चोळत होते. तिथे पांढरा पट्टा उमटला होता. वडिलांचे ते "शाब्बास" त्यांना क्षणभर आठवले, आणि बऱ्याच दिवसांनी बोटे मिटता आली म्हणून बरेही वाटले.

"नाही," ते म्हणाले.

आठवडाभरात सूज उतरली, नवी काठी तोडली गेली आणि पंत पुन्हा हिंजवडीत आले. मधल्या दिवसांत लग्न उरकले होते. सरकारी कडे घातलेला जावई मिळाल्यावर व्याह्याने कागद पाहायला मागितलाच नव्हता. पाटलांचे शेत मोजून झाले.

"चाळीस," पंत समाधानाने म्हणाले. "अगदी चोख."

हिंदुराव पाटील खूश दिसेनात. त्यांनी बांधावरचा एक खडा उचलला, टाकला, आणि पंतांना जरा बाजूला नेले.

"सदतीस बी काय वाईट न्हवतं, पंत."

"म्हणजे?"

"न्हाई, सारा चाळिसाचा भरावा लागनार. आता लगीन झालं. कागद कोन बघतंय? ती आदली काठीच बरी हुती."

"ती मोडली, पाटील. आणि माझी मूठही आता पहिल्यासारखी झाली."

पाटलांनी बाही वर सारली आणि आपली धिप्पाड मूठ पंतांच्या नाकासमोर धरली.

"मग हिनं मोजा की. हिला काय सूज न्हाई, उपजतच हाय."

पंतांनी त्या मुठीकडे नीट पाहिले. खरोखरच मोठी होती. ते मागे वळले आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा. चाळीस."