सातवा अंक कोणी वाचला?

गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळून आपल्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाला नाही, असं आल्हाद गायधनी यांचं प्रामाणिक मत होतं. गुन्हा घडला की हवा किंचित थरथरते आणि ते आपल्या डाव्या कानाला कळतं, असं ते पहिल्या भेटीतच सांगून टाकत. कार्डावर 'खासगी अन्वेषक व तर्कमहर्षी' असं छापलेलं होतं. आजवर त्यांनी एकोणीस प्रकरणं हाती घेतली. सतरा आपोआप सुटली आणि दोन त्यांच्यामुळे वाढली. हे मात्र कार्डावर नव्हतं; ते त्यांचे सहायक कारभारी यांनाच ठाऊक होतं.

कारभारी तीस वर्षं पेठच्या एसटीवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून गोजराबाईंच्या भाजीत मीठ किती पडावं हे सांगू लागले, तेव्हा बायकोनेच त्यांना या कामाला जुंपलं. साहेबांना स्कूटर चालवता येत नव्हती, आणि कारभारींकडे स्कूटर होती. नेमणुकीला एवढं पुरलं.

त्या गुरुवारी गंगापूर रोडवरून रविराजचा फोन आला. या गृहस्थाकडे चारशे कॉमिक होती, प्रत्येक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद. लहानपणी असलीच पुस्तकं अभ्यासाच्या वहीत लपवून वाचताना त्याने मार खाल्ला होता. आता त्यांना 'लोकसंस्कृतीचा वारसा' म्हणत. शनिवारी त्यांचं प्रदर्शन होतं. 'कप्तान कडकडाट आणि मध्यमवर्गीय अस्मिता' या विषयावर दोन प्राध्यापक बोलणार होते, आणि एक बँक मॅनेजर कप्तानाच्या वेशात, पाठीला झगा लावून हिंडणार होते.

"काय चोरीला गेलं?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही," रविराज म्हणाला. मग घरात कोणी दगावल्यासारखा त्याचा आवाज उतरला. "कप्तानाचा सातवा अंक कोणीतरी वाचलाय."

पाकीट कात्रीने कापून परत चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. चौदाव्या पानावर एक पिवळा डाग होता. रविराजने दोघांना पांढरे हातमोजे दिले. त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी, चिवड्याची बशी आणून ठेवली. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इगतपुरीहून आल्या होत्या.

साहेबांनी चिवडा खाण्यापुरते मोजे काढले आणि विचार करण्यासाठी पुन्हा घातले. चिकटपट्टी सरळ लावली आहे, तेव्हा हात लष्करी शिस्तीचा, म्हणजे देवळालीच्या छावणीतला, असा पहिला निष्कर्ष निघाला. मग कथेतल्या खलनायकाचं नाव पीतासुर आहे असं समजलं, आणि पिवळा डाग ही गुन्हेगाराची सही ठरली. घरातल्या माणसांची चौकशी करावी का, असं कारभारींनी हळूच विचारलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. कॉमिकचा वाचक हा आठ ते पंचेचाळीस वयाचा पुरुष असतो, हे शास्त्राने सिद्ध केलं आहे, असं ते म्हणाले. रविराजनेही दुजोरा दिला. आईला यातलं काही कळत नाही, म्हणाला.

उरला हर्षल. रविराजचा वीस वर्षांपासूनचा मित्र, कप्तानाचा तितकाच वेडा संग्राहक. प्रदर्शनातले निम्मे अंक त्याचेच होते. रविवारी तो इथे येऊन गेला होता. साहेबांचा डावा कान थरथरला. रविराजने तिथल्या तिथे हर्षलला फोन लावला आणि शनिवारी येऊ नकोस, तुझे अंक घेऊन जा, असं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

तेवढ्यात साहेबांनी भिंग रोखलं. चौदाव्या पानावर आता तीन डाग होते.

"गुन्हेगार पुन्हा येऊन गेला," ते कुजबुजले. "आपल्या डोळ्यांदेखत."

कारभारींनी साहेबांच्या मोज्याकडे पाहिलं. आतल्या बोटांची हळद झिरपून अंगठा आणि तर्जनी पिवळीधमक झाली होती. रिकामी बशी उचलून ते स्वयंपाकघरात गेले आणि तिकीट विचारावं तसं सरळ विचारलं, "मावशी, ते चित्रांचं पुस्तक कोणी वाचलं, काही माहीत हाय का?"

"मीच की," वत्सलाबाई म्हणाल्या.

मागोमाग आलेला रविराज दारातच थबकला. आईने सांगितलं ते असं: दोन वर्षं सगळं धुक्यातून दिसायचं. पट्टी निघाल्यावर काहीतरी रंगीत बघावंसं वाटलं, आणि हे हाताला लागलं. कप्तानाची चड्डी इतकी लालभडक असेल, असं मुळीच वाटलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू मोजे वाटत होतास." त्यांनी बशी नळाखाली धरली. "ते जाऊ दे. शेवटी त्याला धरणाच्या भिंतीवरून ढकललंय. वाचला का रे?"

"मी नाही वाचला."

"तुझं कोण विचारतंय? कप्तान वाचला का?"

रविराजला ते माहीत नव्हतं. आठवा अंक अकरा वर्षं त्याच्या कपाटात होता, सीलबंद.

बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा फोन लावला. हर्षल दुखावलेला होता. वीस वर्षांत एवढंच ओळखलंस का, असं त्याने विचारलं. रविराजने माफी मागितली, आईचं सगळं सांगितलं, आणि मग चाचरत विचारलं की आठव्या अंकात काय होतं. हर्षलकडे आठव्याच्या दोन प्रती होत्या, दोन्ही न उघडलेल्या.

"मी आल्याशिवाय पाकीट फोडू नकोस," हर्षल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने पाचही जण जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मोजे कोणीच मागितले नाहीत. वत्सलाबाई मोठ्याने वाचू लागल्या. साहेबांनी पहिल्याच चित्रातल्या पाण्याच्या तरंगांवरून कप्तान बुडून मेल्याचं निर्विवाद सिद्ध केलं.

"थांबा हो जरा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.