सेतुमाधवराव समुद्राच्या तळाशी

सेतुमाधवरावांनी 'हो' म्हटलं ते दुपारच्या कापीनंतर, म्हणजे कॉफीनंतर. कापी मनासारखी झाली असली की ते कशालाही हो म्हणत, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची मुलगी शांभवी बंगळूरच्या एका छोट्या कंपनीसाठी तंजावूरला घरी बसून व्हिडिओ गेम तयार करायची. सध्याचा गेम समुद्राखालचा होता, अरबी दंतकथांवरून घेतलेला. मोती काढणारी एक मुलगी एकेक समुद्र ओलांडत खोल खोल जाते. तळाशी बुडालेलं शहर असतं आणि तिथं शिशानं तोंडं बंद केलेल्या पितळी घागरींत जिन्न कोंडलेले असतात. त्यांतला सगळ्यांत दांडगा तो मारीद. चाळीस फूट उंच, अंगानं निळा, कमरेखाली नुसता धूर. (पाण्यात धूर कसा टिकतो, असं सेतुमाधवरावांनी विचारलं होतं. पस्तीस वर्षं ते एका कॉलेजच्या ऑफिसात सुपरिंटेंडेंट होते. अर्जातली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे.)

"अप्पा, मारीदाला आवाज हवाय. तुमचा घेऊ?"

"कुणी अरबी माणूस बघ की."

"अरबीत केलं तर अरबांना कळेल, ते चुका काढतील. साहेबांना कुणालाच न कळणारी भाषा हवीय. माणसांच्या आधीची वाटली पाहिजे. मी म्हटलं, आमच्या घरी बोलतात ती आहे."

सेतुमाधवरावांना खरं तर याचा राग यायला हवा होता. पण कापी चांगली झाली होती, आणि मुद्दाही खोटा नव्हता. मागं एका लग्नासाठी पुण्याला गेले असताना ते रिक्षावाल्याशी आपल्या अस्सल तंजावुरी मराठीत बोलले होते, आणि त्यानं त्यांना हिंदीत उत्तर दिलं होतं.

बाहेर टाउन बसचे हॉर्न चालू असतात, म्हणून रेकॉर्डिंग त्यांच्या बायकोच्या, अंबुजाबाईंच्या कपाटात करायचं ठरलं. पट्टुसाड्या, म्हणजे रेशमी साड्या, आवाज शोषून घेतात म्हणे. सेतुमाधवराव आत स्टुलावर बसले. डोक्यावर साड्या, नाकात डांबरगोळ्यांचा वास. शांभवीनं इंग्रजी कागद हातात दिला होता: 'हे मर्त्य मुली, मी सात समुद्रांचा राखणदार आहे.' त्यांनी तो दोनदा मराठी करून म्हटला. दोन्ही वेळा नोटीस वाचल्यासारखा वाटला.

"कागद राहू द्या," शांभवी म्हणाली. "कुणाला कळणार आहे? मनात येईल ते बोला. फक्त सावकाश, खालच्या आवाजात आणि रागानं." तिला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तिनं रेकॉर्डर चालू केला, कपाटाचं दार लोटलं आणि ती निघून गेली.

माणसाला अंधारात बसवून रागानं बोल म्हटलं, की तो शोधायला लांब जात नाही. सेतुमाधवराव पंचवीस मिनिटं बोलले. बाहेर आले तेव्हा घामानं भिजलेले होते, पण चेहऱ्यावर असं समाधान होतं की अंबुजाबाईंनी त्यांना झोप लागली होती का, असं विचारलं. शांभवीनं फाईल न ऐकताच बंगळूरला धाडली. तिथल्या साउंडवाल्यानं आवाज आणखी खाली नेला, त्यात थोडं पाणी घातलं आणि कळवलं, की असा संताप आजवर ऐकला नाही.

दोन महिन्यांनी पहिल्या चार समुद्रांचा नमुना लोकांना फुकट खेळायला दिला गेला. शांभवीनं मोठ्या कौतुकानं त्याची लिंक तंजावूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

ही भाषा समजणारी जगात जी काही माणसं होती, ती जवळपास सगळी त्या ग्रुपवर होती.

रविवारी सकाळी अकराला तिरुवैयारुहून फोन आला. अंबुजाबाईंचे भाऊ अनिरुद्धराव तिथं गाणं शिकवत. त्यांच्या मुलानं, श्रीकरनं, गेम मोठ्या टीव्हीवर लावला होता. समोर अनिरुद्धरावांचे अकरा शिष्य बसलेले होते.

"भावोजी, तुम्ही समुद्रात आहात," अनिरुद्धराव म्हणाले.

"हो. शांभवीचं काम."

"खाली इंग्रजीत अक्षरं येतायत, हे मर्त्य मुली, मागं फिर. तुम्ही मात्र माझ्या तोडीबद्दल बोलताय."

सेतुमाधवरावांनी चष्मा काढून पुसला.

"दर श्राद्धाला येतो, जेवतो, तोडी धरतो, असं म्हणताय. कावळासुद्धा पिंड तसाच टाकून जातो, म्हणताय."

"तो आवाज त्यांनी बदललाय."

"आवाज बदललाय, भावोजी. तोडी माझीच आहे. अंबुजाला सांगा, तिच्याबद्दलही आहे असं ग्रुपवर कुणी लिहिलंय. पण ते चौथ्या समुद्रात. आम्ही अजून तिसऱ्यातच आहोत."

फोन स्पीकरवर होता. अंबुजाबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात पुसले आणि शांभवीचा जुना टॅबलेट मागितला.

त्यांनी आजवर एकही गेम खेळला नव्हता. पहिल्या दिवशी त्या पहिल्याच समुद्रात एकोणीस वेळा बुडाल्या. दर बुडण्याला सेतुमाधवरावांच्या जिवात जीव यायचा. (बायको बुडाल्यावर बरं वाटणं चांगलं नाही, हे त्यांना कळत होतं.) दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास पुरवून कसा वापरायचा ते जमलं आणि त्या दुसऱ्या समुद्रात गेल्या. सेतुमाधवरावांनी शांभवीला एकीकडे बोलावलं.

"ते काढून टाक."

"ते आता माझ्या हातात नाही, अप्पा. लोकांचे अभिप्राय आले की कंपनी ठरवेल."

तिसऱ्या दिवशी ते बायकोच्या शेजारी जाऊन बसले आणि मदत करू लागले.

"त्या गुहेत शीर. तिथं मोती असतील."

अंबुजाबाई शिरल्या. गुहेत विजेचा मासा होता. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं ते डावीकडे म्हणाले की त्या उजवीकडे वळू लागल्या. त्यानं त्यांचा वेग दुप्पट झाला. तोडीचा भाग त्यांनी शांतपणे ऐकला. "हे मात्र खरं आहे," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या चौथ्या समुद्राच्या तळाशी पोचल्या. घागरीचं शिसं वितळलं, निळा धूर वर चढला आणि मारीद पुन्हा बोलू लागला. पाणी थरथरलं. मोती काढणारी मुलगी थरथरली. सेतुमाधवराव पाणी प्यायला उठले.

"बसा," अंबुजाबाई म्हणाल्या.

मारीद अंबुजाबाईंच्या पिटल्याबद्दल, म्हणजे पिठल्याबद्दल, बोलत होता. एकतीस वर्षं दर सोमवारी पिटलं, असं तो म्हणाला. त्या पिटल्यानं खिडकीची काच बसवता येईल, म्हणाला. मग एक भयंकर हुंकार देऊन तो दिसेनासा झाला.

अंबुजाबाईंनी टॅबलेट बंद केला.

"कुठली खिडकी?" त्यांनी विचारलं.

सेतुमाधवरावांनी जन्मभर विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं होतं. "मागची," ते म्हणाले. "तिची पुट्टी निघालीय."

"सरि, ठीक आहे," अंबुजाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खिडकीची काच पिटल्यानं बसवलेली होती. (ती अजून हललेली नाही. सेतुमाधवरावांनी सुरीनं उकरून पाहिलं, तर सुरी वाकली.) त्या काचेकडे बघत त्यांनी इडली खाल्ली. मग दोघं बसनं तिरुवैयारुला गेली. सेतुमाधवरावांनी मेहुण्याची माफी मागितली. अनिरुद्धराव मोठ्या मनाचे होते, त्यांनी लगेच माफ केलं. मग तंबोरा काढला आणि सव्वादोन तास तोडी गायले. सेतुमाधवराव मान डोलवत राहिले. परतीच्या बसमध्ये त्यांची मान दुखत होती, पण अंबुजाबाईंनी आपण होऊन त्यांना खिडकीजवळची जागा दिली, तेव्हा त्यांना वाटलं, आता मिटलं.

आठवड्यानं शांभवी लॅपटॉप घेऊन आली.

"अप्पा, तुमचा आवाज काढतायत."

"मामानं कळवलं का?"

"नाही. खेळणाऱ्यांचे अभिप्राय आले. मारीदाची भीती वाटली का, असा प्रश्न होता. एकशे बारा उत्तरं आहेत. ब्राझील, फिनलंड, जपान. एकालाही तुमचा शब्द कळलेला नाही."

"मग?" सेतुमाधवराव सावरून बसले. पंचवीस मिनिटांचा तो संताप आपल्या आयुष्यातला सगळ्यांत जोरदार होता, असं त्यांना मनातून वाटत होतं.

"भीती कुणालाच वाटली नाही. सगळ्यांनी साधारण एकच लिहिलंय. घरी या बिचाऱ्याचं कुणी ऐकत नसावं."

यावर सेतुमाधवरावांना चांगलं सडेतोड उत्तर सुचलं. त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पण शांभवीला ऑफिसचा फोन आला म्हणून ती उठून गेली, आणि आत अंबुजाबाईंनी मिक्सर लावला.