इंजिनाच्या मनात नाय

कुठलाही पंप हातात दिला, की गोमाजी आधी त्याचं तोंड स्वतःच्या गालाला लावायचा, दट्ट्या ओढायचा आणि गाल आत खेचला गेलेला असताना डोळे मिटून उभा राहायचा. वैद्यानं नाडी पाहावी तसा. मग ‘पच्’ असा आवाज होऊन पंप सुटायचा, गालावर लाल वाटोळं उमटायचं, आणि तो मान हलवून म्हणायचा, “पंप बरा हाय, कारकूनभाऊ. पन इंजिनाच्या मनात नाय.”

होळीपासून दिवाळीपर्यंत हे वाक्य मी चारदा ऐकलं.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी कर्जतला एका वकिलांकडे कारकून होतो, राहायला भिसेगावात. आमच्या भाऊसाहेब वकिलांनी खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी बंगली बांधली होती आणि हौसेनं इंजिनाची होडी आणली होती. खोपोलीला विजेचं घर झाल्यापासून त्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असे. भाऊसाहेब होडीत दोनदा बसले. दुसऱ्यांदा धोतराला तेल लागलं आणि हौस फिटली. होडी राखायला गोमाजी राहिला. तरुणपणी मुंबईत लाँचच्या इंजिनावर राबलेला म्हातारा. काठावरच्या झोपडीत तो आणि त्याची बायको चांगुणा, एवढंच बिऱ्हाड.

पुढे होडीला पनवेलचं गिऱ्हाईक मिळालं. होडी बैलगाडीवर घालून न्यायची होती, म्हणून त्यानं एकच अट घातली: इंजिनातलं जुनं तेल आधी काढून ठेवा, नाहीतर वाटेत कलंडून सांडेल. मोटारीचं तेल खालचं बूच काढलं की गळतं. पण होडीच्या इंजिनाखाली बोट शिरायला जागा नसते. तेल वरच्या भोकातून पंपानंच ओढून घ्यावं लागतं.

“पंप गोमाजीच्या पसंतीनं आण,” भाऊसाहेब म्हणाले. “आपल्याला त्यातलं काही कळत नाही.”

इथेच माझा घात झाला.

पहिला पंप पितळी होता. गोमाजीनं दट्ट्याचं चामडं नखानं खरवडलं. “ह्याचं कुसकट तेलात पडंल, मंग इंजिनाचा गळा दाटंल.” दुसऱ्याला रबरी नळी होती. “ऊन तेलात ही वांग्यावानी शिजंल.” तिसरा चाक फिरवायचा, चांगला वजनदार. खोपोलीच्या गाडीतून उतरून मी तो खांद्यावरून चालत नेला. तो होडीच्या फळीखाली मावेना. बरं, खोड खोटी म्हणावी, तर दुकानदारही कबूल करायचे की म्हातारा म्हणतो ते बरोबर आहे.

चौथ्या खेपेला मी इतका टेकीला आलो होतो, की ओळखीच्या कंपाउंडरकडून एनिम्याचा पंप मागून नेला. गोमाजीनं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पंपाकडे पाहिलं. या वेळी गालाला मात्र लावला नाही.

“कारकूनभाऊ, ह्यो आत घालायचा पंप. आपल्याला भायेर काढायचंय.”

“अरे, उलटा चालव!”

“उलटा चालवू वो. पन इंजिनाच्या मनात—”

“गप रे!” मी ओरडलो.

तिकडे भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहत मला बजावलं, “आता पंप बसला नाही, तर या कचेरीत तूही बसायचं नाहीस.” घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. रात्र रात्र मला झोप येईना. शेवटी मीच सुचवलं, गिऱ्हाइकाचा मिस्त्रीच पंप घेऊन येऊ दे. गोमाजीला विचारायचंच नाही.

मिस्त्रीला घेऊन मी संध्याकाळी नदीवर पोचलो, तर होडी काठाला बांधलेली आणि इंजिन चालू! होडीत चांगुणाबाई बसली होती. तिचे दोन्ही पंजे इंजिनाच्या झाकणावर घडी घातलेल्या गोधडीवर टेकवलेले. बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झालेली. आम्हाला पाहताच गोमाजीनं इंजिन बंद केलं.

मिस्त्री आत उतरला. त्यानं नळी घातली, चार हात मारले आणि डब्यात पाहून थबकला.

“कारकूनसाहेब, हे तर नवं तेल आहे. मधासारखं. कुणी बदललं?”

गोमाजी खाली पाहत म्हणाला, “मीच. तारंला चिंधी बांधायची, आत सोडायची, भायेर पिळायची. चार दिस लागतात. तेलबी माज्याच पैक्याचं हाय.”

“मग मला एवढे महिने का नाचवलंस?” माझा आवाज चढला.

त्यानं बायकोकडे बोट केलं. “संधिवात हाय तिला. सांजच्याला बोटं मिटली की उघडत नायती. घास धरवत नाय.”

“शेगडी नाही का घरात?”

“शेगडी निस्ती भाजते, भाऊ. ह्ये थरथरतं. ऊनबी लागतं नि थरथरतंबी. अर्ध्या घटकंत मूठ सुटते. मंग ती आपल्या हातानं जेवते.”

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली. थांबा म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मला माझी नोकरी दिसत होती, घरची दिवस भरलेली बायको दिसत होती. मी डबा पुन्हा मिस्त्रीपुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी होडी गाडीवर चढली. दोर आवळायला गोमाजीच सगळ्यांत पुढे होता. इंजिनाला धक्का लागू नये म्हणून खाली पेंढा त्यानंच भरला.

माझी नोकरी राहिली. मुलगी झाली. बंगलीच्या कागदांसाठी मला पौषात पुन्हा तिकडे जावं लागलं. झोपडीवरून जायचं टाळणार होतो, पण वाट तीच.

ऐन थंडीची संध्याकाळ होती. दार उघडं होतं. चांगुणाबाईपुढे भाकरीचं ताट होतं. गोमाजीनं शेगडीवर आपले हात शेकले, तिच्या मुठी त्यात घेतल्या आणि तो ते हात थरथरवू लागला. खांद्यापासून, सगळं अंग हलवून. घाम येईस्तोवर. आणि तोंडानं अगदी गंभीरपणे, “धुक-धुक-धुक-धुक…”

म्हातारीच्या मुठी काही उघडल्या नाहीत.

“धुक-धुक-धुक…” त्याला धाप लागली होती.

“आवो, जरा दमानं चालवा,” ती म्हणाली. “तापंल.”

मी बाहेर उभा होतो. पायांतल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता मागे फिरलो.