आमच्या व्हॅनची सर्वांगीण दुरुस्ती

सन एकोणीसशे शहाऐंशीच्या दिवाळीनंतर आमच्या कुटुंबाने एक जुनी प्रवासी व्हॅन खरेदी केली. कारण एकच होते आणि ते साऱ्या घराला ठाऊक होते. माझा थोरला भाऊ दिनानाथदादा, त्याची बायको प्रेमलावहिनी. तिचे माहेर बोईसरकडचे पाम गाव. तिची आई जयवंतीआजी गुडघ्यांनी अधू, तिला एसटीची पायरी चढवत नसे. लेकीचे घर आणि लेकीने वाढवलेली पानवेल एकदा डोळ्यांनी बघावी एवढीच म्हातारीची इच्छा, आणि आईला आपल्या हातचे जेवू घालावे एवढीच वहिनीची. आमचे गाव केळव्याच्या जरा अलीकडे आहे. नाव सांगत नाही, कारण ते छापण्याचा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे.

आमच्या घरात ठरावावाचून चूलही पेटत नाही, असे लोक म्हणतात. ते साफ खोटे आहे. चूल वहिनी पेटवते. बाकी सगळे ठरावाने होते. दादा जन्मभर बागायतदारांच्या सोसायटीत चिटणीस. सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय तो शर्टाचे बटणसुद्धा लावत नाही. मधला भाऊ बळवंत यंत्रातला जाणकार, म्हणजे पंप बिघडला की त्याच्याकडे बघत उभा राहण्याचा मान त्याचा. आणि मी नरहरी, धाकटा. मला जे उरेल ते मिळते. त्यावर माझी तक्रार नाही.

व्हॅन बोईसरच्या एका कारखान्याची. कामगारांची ने-आण करून टेकीला आली होती, म्हणून भंगारात काढलेली. तिथला वॉचमन म्हणाला, "ले जाओ साब, इंजन एकदम ठीक है. बाकी सब देख लेना." बाकी सब आम्ही पाहिले. दार दोरीने बांधलेले होते, सीटांतून काथ्या बाहेर डोकावत होता आणि पत्र्याला जागोजाग गंज चढला होता. तरी गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तसे पुन्हा घडले नाही.

वहिनी ओटीवरून बघत होती. म्हणाली, "चालते तर हाय की. उद्या सकाळी जाऊन आईला घेऊन येऊ."

दादा गंभीर झाला. "अशी गाडी घेऊन सासुरवाडीला जाऊ? पामची माणसं काय बोलतील? आधी दुरुस्ती. सर्वांगीण."

त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. दादा अध्यक्ष, बळवंत यांत्रिक विभागाचा प्रमुख, मी उपाध्यक्ष आणि सीट विभागाचा प्रमुख. वहिनीला निमंत्रित सदस्य करण्यात आले. निमंत्रित सदस्याला चहा झाल्यावर बोलता येते, मत देता येत नाही. काम जोरात सुरू झाले, यात वाद नाही. घरातली पोरेटोरे पॉलिश पेपर घेऊन गंज घासत होती, शेजारी येऊन सल्ले देत होते, आणि मी काथ्या पिंजून, रेक्झिन ताणून अशा सीटा बनवल्या की बसणाऱ्याला उठावेसेच वाटू नये. त्या सीटांचा मला आजही अभिमान आहे.

पहिला प्रश्न टायरांचा आला. बळवंतने अहवाल दिला की गाडी नुसती उभी राहिली तरी टायर झिजतात. तेव्हा दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत चाके काढून माळ्यावर ठेवावीत आणि गाडी विटांवर टेकवावी, असे ठरले. पण विटा ओलाव्याने खचू लागल्या. मग त्यांच्याभोवती सिमेंट ओतून पक्का ओटा बांधला. ओटा झाल्यावर दादाच्या लक्षात आले की आपल्याकडची हवा खारी. एवढा घासलेला पत्रा पुन्हा गंजायचा. म्हणून वर कौले चढवली आणि समुद्राच्या बाजूने भिंत घातली. भिंत एकीकडेच बरी दिसेना, म्हणून तिन्हीकडे घातली. कौले शाकारताना बळवंतचे नख गेले, पण तो कुरकुरला नाही.

"आई कधी यायची?" वहिनीने चहानंतर विचारले.

"काम अंतिम टप्प्यात आहे," दादा म्हणाला. हे वाक्य इतिवृत्तात घेण्यात आले.

इंजिनाची चाचणी मात्र चुकवून चालणार नव्हती. इंजिन गाडीत ठेवून चाचणी घ्यावी, तर चाके नाहीत. तेव्हा बळवंतने इंजिन बाहेर काढून वाडीतल्या पंपाला पट्ट्याने जोडले. काय सांगू, पहिल्याच झटक्याला सुरू झाले. पाणी पानवेलीच्या टोकापर्यंत गेले आणि आम्ही तिघे भाऊ त्या पाण्यात उड्या मारत नाचलो. दुसऱ्या दिवशी इंजिन परत गाडीत बसवायचे होते. पण वेली अशा काही हिरव्यागार झाल्या की इंजिनाची पंपावर तात्पुरती प्रतिनियुक्ती करण्याचा ठराव एकमताने झाला. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस कधी परत येतो, हे आपण सगळे जाणतोच.

पुढच्या पावसाळ्यानंतर ग्रामसेवक कमलाकांत मोजपट्टी घेऊन आला. ओटा, तीन भिंती आणि कौले पाहून त्याने मान हलवली. "दिनानाथशेठ, हे घर हाय. घरपट्टी लागेल."

"घर कसं? आत व्हॅन आहे."

"आत काय ठेवायचं तो तुमचा प्रश्न. कोणी कपाट ठेवतं, कोणी पलंग. आमी बाहेरून मोजतो."

घरपट्टी लागली. तिच्याबरोबर पत्र्याचा एक नंबरही आला, घरावर ठोकायचा. दादाने तो व्हॅनच्या बंपरवर ठोकून घेतला, कारण गाडीला नंबर मिळवायचा विषय कित्येक बैठका नुसता पुढे ढकलला जात होता. तो विषय एकदाचा निकालात निघाला. आम्ही पेढे वाटले.

आता राहिले वाहन तपासणीचे प्रमाणपत्र. तपासणीसाहेबांचे म्हणणे होते की गाडी घेऊन पालघरला या. दादाने कळवले की गाडी रीतसर घर म्हणून नोंदलेली आहे आणि घर पालघरला आणणे अडचणीचे आहे. यावर साहेबांनी दोन आठवडे विचार केला. नंतर ते सहकुटुंब केळव्याच्या समुद्रावर आले असताना जेवायच्या वेळेला आमच्याकडे उतरले. वहिनीने सरंग्याचे कालवण केले होते. साहेबांनी तीनदा भात घेतला आणि हात पुसत तपासणीला निघाले. भोंगा वाजवला, वाजला. दिवे लावले, लागले. माझ्या सीटवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"धूर सोडते का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारले.

"अजिबात नाही," बळवंत म्हणाला.

"ब्रेक?"

"लावायची वेळच आलेली नाही, साहेब."

"उतारावर सुटून जाते का?"

"जागची हलत नाही."

साहेब हेलावले. म्हणाले की एवढ्या नोकरीत इतकी निर्धोक गाडी आपण पाहिलेली नाही. त्यांनी तिथेच लिहून दिले: वाहन सुस्थितीत आहे, प्रदूषण शून्य, अपघाताची शक्यता नाही. शेजारच्या वाड्यांतले लोक आपापल्या चालत्या गाड्यांची कागदपत्रे बिनतक्रार व्हावीत म्हणून आमचा सल्ला घ्यायला येऊ लागले. बळवंतचा सल्ला एकच असे, आधी चाके काढा.

यात दोन वर्षे गेली. त्या पौषात पामहून निरोप आला की आजीला आता अंगणातही धरून न्यावे लागते. वहिनी चहा होण्याची वाट न बघता बैठकीत आली आणि उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "माझी आई जाईल," ती म्हणाली, "आणि तुमचा अंतिम टप्पा तसाच राहील."

दादाचा जीव कळवळला. तो वाईट माणूस नाही. त्याने ताबडतोब उपसमिती नेमली.

वहिनी मागच्या दाराने बाहेर पडली. तिथे सातपाटीची जमना पाटी उतरवून बसली होती. रोज आमच्या घरी मासळी देणारी. त्यांचे काय बोलणे झाले ते इतिवृत्तात नाही. दुसऱ्या दिवशी मात्र, आम्ही उपसमितीचा अहवाल वाचत असताना, बोईसरच्या बाजारात मासळी उतरवून, पामला वाट वाकडी करून परतणारा सातपाटीचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध लाकडी खुर्चीवर जयवंतीआजी बसली होती. जमना आणि तिच्या तिघी सोबतिणींनी आजीला खुर्चीसकट उचलून ओटीवर ठेवले. अंगाला मासळीचा वास येत होता आणि म्हातारी खूश होती.

"आलीस बाय एकदाची," वहिनी म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडली. मग आजीने पानवेल बघितली, पान खुडून तोंडात टाकले, लेकीच्या हातचे पोटभर जेवली. वहिनीला इतकी हसताना मी कधी पाहिले नव्हते. मला आनंद झाला, हे मान्य करतो.

पण दादाचे डोके चालूच होते. ज्या माणसासाठी गाडी घेतली तो हजर, मग लोकार्पण का थांबवायचे? संध्याकाळपर्यंत मांडव उभा राहिला, गाव जमले. हार घालून आजीला व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवण्यात आले. तिने फीत कापली. दादाने भाषणात सांगितले की जयवंतीआजींना आपल्या घरी आणून या गाडीने आपले उद्दिष्ट पूर्ण केले आहे.

आजीने खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहिले. "जावय, ही जाते कुठं?"

"जात नाही, आई," दादा प्रेमाने म्हणाला. "पण आपली आहे."

मी वहिनीला बाजूला घेऊन म्हटले, "टेम्पोचं दोन वर्षांपूर्वी का नाही सुचवलंत?"

"सुचवलं होतं, भाऊजी. चहानंतर." ती हसली. "पण असू दे ती समिती. जेवायच्या वेळेला तुमी तिघं एका जागी सापडता."

आजी दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोने, त्याच खुर्चीत पामला परतली. आता दर महिन्याला येते.

तुम्ही मनातल्या मनात हसताय, ते मला दिसते आहे. खुशाल हसा. पण त्या संध्याकाळी मांडवात अख्खे गाव होते. मास्तर होते, डॉक्टर होते, तारापूरच्या वसाहतीतले दोन इंजिनीअर होते, आणि दादाच्या त्या वाक्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कौलांवरची कबुतरे उडाली. एकट्या म्हाताऱ्या बाईने प्रश्न विचारला. तोही लोकांना ऐकू गेला नाही, कारण तुमच्यासारखी शहाणी माणसे पेढ्याच्या रांगेत उभी होती.