वोंद्रांच्या घरचे दार

ओटाकार वोंद्राने बुधवारी स्वयंपाकघराच्या दाराला हिरवा तैलरंग दिला आणि तो वाळायच्या आतच दार लावून घेतले. गुरुवारी सकाळी दार उघडेना. त्याने ढकलून पाहिले, खांदा लावला, चार शिव्याही हासडल्या. पण दाराने लग्न लावल्यासारखे चौकटीला घट्ट धरून ठेवले होते.

"पहार आण," त्याची बायको रुझेना म्हणाली.

"पहार? या दाराला?" ओटाकार जन्माचा सुतार. "हे दार मी माझ्या हातांनी केलंय. ओरखडा पडू देणार नाही. रंग पक्का वाळला की आपोआप सुटेल."

"आणि तोवर जेवायचं काय?"

"मागचा जिना आहे की!"

जिना होता. शिकागोतल्या घरांना असतो तसा मागच्या अंगाला, लाकडी, उघडा आणि जानेवारीत बर्फाने गुळगुळीत झालेला. रुझेना पुढच्या जिन्याने खाली उतरायची, इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने वर स्वयंपाकघरात जायची आणि शालीत गुंडाळलेले सुपाचे पातेले घेऊन तशीच परत यायची. सूप टेबलावर येईतो त्यावर चरबीची साय धरलेली असे.

"थंड आहे," ओटाकार म्हणायचा.

"मग तू जा आणि गरम करून आण."

"माझा गुडघा..."

शनिवारपर्यंत दोघांचे बोलणे बंद झाले. मुलीशी, लिबुशेशी, मात्र दोघेही बोलत होते. ओटाकार घरच्या फोनवरून, रुझेना खालच्या मजल्यावरच्या कुबेल्कोवाबाईच्या फोनवरून. शेवटी लिबुशे वैतागली. तिने रविवारच्या दुपारच्या नाटकाची दोन तिकिटे पाठवली. "जा, जरा हसून या," असा निरोपही दिला.

थिएटर कसले, जुने दुकानच होते. छोटी टेबले, बिअरचे ग्लास, समोर बुटका चौथरा आणि त्यावर दोन खुर्च्या.

"सामान यायचंय वाटतं अजून," ओटाकार पुटपुटला.

इतक्यात नॉर्मन नावाचा एक उंच, काटकुळा पोरगा आणि बारीक केस कापलेली फिलिस चौथऱ्यावर आली. "मंडळी, आमच्याकडे लिहिलेलं नाटक नाही," नॉर्मन म्हणाला. "विषय तुम्ही द्यायचा, नाटक आम्ही इथल्या इथं करणार. सांगा, या आठवड्यात कुणाच्या घरी कशावरून भांडण झालं?"

"नाटक लिहिलेलंच नाही, आणि तिकीट घेतात!" ओटाकार म्हणतोय तोवर शेजारची खुर्ची सरकली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी त्याची बायको उभी राहिली होती.

"दार!" रुझेना म्हणाली. आणि मग तिने सगळेच सांगून टाकले. रंग, जिना, बर्फ, सूप, साय आणि गुडघा.

लोक हसू लागले. ओटाकारने टोपी कपाळावर ओढली. चौथऱ्यावर नॉर्मन नवरा झाला आणि नसलेल्या दाराला धडका देऊ लागला. फिलिस नसलेले पातेले घेऊन गोल गोल फिरू लागली. ओटाकारने तेही सोसले. पण नॉर्मनने नसलेले दार स्वतःकडे ओढले, तेव्हा त्याच्यातला सुतार खवळला.

"अरे ओढतोस काय! ते दार पलीकडे उघडतं, स्वयंपाकघरात!"

"मग या ना काका, दाखवा!" नॉर्मन म्हणाला.

दार चुकीचे दाखवले जात असताना ओटाकार बसून राहणे शक्यच नव्हते. तो चौथऱ्यावर चढला, वितीने चौकट मोजली आणि कडी कुठे, खालची फळी कुठे ते नॉर्मनला समजावून सांगितले. लोक टेबले बडवू लागले. "आणि माझी बायको अशी चालत नाही," त्याने फिलिसलाही सुनावले. "ही तर नुसती पळतेय! सूप सांडेल!"

"मग कशी चालते?"

याचे उत्तर द्यायला रुझेना स्वतःच वर आली. तिने हवेतले पातेले उचलले. ते जड आहे, गरम आहे, हे साऱ्यांना दिसले. ती पायऱ्या उतरली, टेबलांमधून वाट काढत, वाऱ्याकडे पाठ करत फिरली. एका माणसाने तर पातेल्याला धक्का नको म्हणून आपली खुर्ची मागे घेतली.

"काकू, हे कुठं शिकलात?" फिलिसने विचारले.

"लहानपणी. बोहेमियातून आले तेव्हा मला इथली भाषा येत नव्हती. वस्ती देशोदेशींहून आलेल्यांची, त्यामुळे कुणालाच कुणाची येत नव्हती. तिथं एक बाई होत्या, त्या आम्हा पोरांना खोटा चेंडू झेलायला लावायच्या. त्यातूनच आम्ही बोलायला शिकलो."

फिलिसचे डोळे चमकले. "आम्हीही तेच खेळ खेळतो!"

"आता अदलाबदल," नॉर्मन म्हणाला. "काकू नवरा होतील, काका बायको. नियम एकच. समोरच्यानं काही दिलं की नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची."

"हो म्हणायचं?" रुझेना म्हणाली. "त्याला तो शब्दच येत नाही."

"हे बघा, माझा गुडघा..." ओटाकारने सुरुवात केली.

"नाही म्हणायचं नाही!" सारे प्रेक्षक ओरडले.

फिलिसने आपला रुमाल त्याच्या डोक्याला बांधला. ओटाकार पातेले घेऊन निघाला. रुझेना खुर्चीवर पाय पसरून बसली, नसलेले वर्तमानपत्र उघडले, आणि तो पोचताच चमचा तोंडाला लावून म्हणाली, "थंड आहे."

हशा असा उसळला की ओटाकारचे कान लाल झाले. वर्तमानपत्रामागे बसलेला आपण तिला कसे दिसत असू, हे त्याला आत्ताच कळले. तो पुन्हा वळसा घालून गेला. पुन्हा "थंड आहे." तिसऱ्यांदा तो दमून स्वयंपाकघराच्या बाजूने दाराला टेकला आणि सवयीने त्याची बोटे हवेतल्या चौकटीवरून फिरली. मध्येच ती थबकली.

"बिजागऱ्या!" तो ओरडला. "बिजागऱ्या या बाजूला आहेत! त्यांच्या पिना ठोकून काढल्या की अख्खं दार हातात!"

"चार दिवसांत एकदा तरी या बाजूला आला असतास..." रुझेनाचे उरलेले वाक्य टाळ्यांत बुडाले.

घरी परतताना ओटाकार पोरासारखा भराभर चालत होता. रुझेना मात्र मागे रेंगाळत होती. "उद्या काढल्यास तरी चालेल," ती म्हणाली. "इतकी घाई कसली?"

"आत्ताच काढणार! तू वर जाऊन बस."

हातोडी घेऊन तो पहिल्यांदाच मागच्या जिन्याला लागला. शिकागोच्या तळ्यावरून येणारा वारा कोटात शिरत होता, पाय घसरत होता. प्रत्येक वळणावर त्याला हातात पातेले असल्यासारखे वाटले आणि स्वतःची लाज वाटली. वर पोचून त्याने हळूच मागचे दार ढकलले.

आत ऊब होती. रेडिओ मंद लागला होता. कॉफी उकळत होती आणि दाराकडे पाठ करून कुबेल्कोवाबाई खसखशीचा केक कापत होती.

"आलीस का गं?" ती वळून न बघताच म्हणाली. "चार दिवस काय निवांत जातायत नाही आपले! म्हातारा बसला का सुपाची वाट बघत?"

ओटाकार रागाने काहीतरी बोलणार होता. पण त्याने तोंड मिटले, आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "बसलाय. आणि बसू दे त्याला."

कुबेल्कोवाबाई वळली, किंचाळली, आणि मग पोट धरून हसत सुटली. तिने त्याला गुबगुबीत गादीच्या खुर्चीत बसवले आणि कॉफी दिली. केक ताजा होता, मऊ होता, अजून कोमट होता. पलीकडून दारावर टकटक झाली.

"ओटाकार, निघाल्या का पिना?"

त्याने बिजागऱ्यांकडे पाहिले. एका टोल्याचे काम होते. मग त्याने बशीकडे पाहिले.

"घट्ट आहेत गं," तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "तासभर तरी लागेल."

पलीकडून दाबून धरलेले हसू फुटल्याचा आवाज आला.

"कुबेल्कोवा, मी जिन्यानं येतेय," रुझेना म्हणाली. "आणि त्या गादीच्या खुर्चीत कुणी बसलं असेल, तर ती माझी आहे म्हणून सांग."

"हो," ओटाकार म्हणाला. त्याने खुर्ची चुलीच्या आणखी जवळ सरकवली आणि स्वतःसाठी कोपऱ्यातले स्टूल ओढले.